स्पष्टीकरण : टचस्क्रीन असताना टॅब्लेटला माऊस कशासाठी?

इरुंगाट्टुकोट्टै (चेन्नई) : टॅब्लेट घराघरांत पोहोचला तो माऊस आणि कळफलक यांच्यावाचून काम भागते म्हणून. पडद्यावर जे दिसते त्याला बोट लावावे आणि काम व्हावे, एवढे सोपे सूत्र त्यामागे होते. तरीही गेल्या काही वर्षांत टॅब्लेट बनवणाऱ्या सर्वच प्रमुख कंपन्यांनी आपल्या प्रणालीत माऊसला जागा करून दिली आहे. बोटाने चालणाऱ्या यंत्राला माऊस जोडण्याची गरज कोणाला भासते, तो जोडतात कसा आणि त्याने नेमके काय साधते, हे प्रश्न त्यामुळे पुढे आले आहेत.

या प्रश्नांना एक गंभीर बाजूही आहे. देशातील अनेक विद्यार्थ्यांच्या हाती पडणारा पहिला आणि बहुधा एकमेव संगणक म्हणजे टॅब्लेट असतो. ते शिकतात बोटाने, पण अभियांत्रिकी प्रवेशाच्या मोठ्या परीक्षा मात्र त्यांना माऊसने द्याव्या लागतात.

महामार्गावरची दोन गावे

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर, कांचीपुरम जिल्ह्यातील श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै हे गाव लागते. तामिळनाडू राज्य उद्योग प्रोत्साहन महामंडळाची, म्हणजेच ‘सिपकॉट’ची औद्योगिक वसाहत येथे आहे. ह्युंदाई कंपनीच्या येथील कारखान्यातून १९९८ मध्ये ‘सँट्रो’ ही मोटार बाजारात आली आणि गावाचे नाव देशाच्या उद्योग नकाशावर ठळक झाले. हाच महामार्ग बंगळुरू, बेळगाव, कोल्हापूर आणि पुणे ओलांडून तळेगावकडे जातो. तळेगाव येथील जनरल मोटर्सचा प्रकल्प विकत घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. त्यामुळे एकाच रस्त्यावरची ही दोन गावे एका उद्योगाच्या धाग्याने जोडली गेली.

अशा औद्योगिक पट्ट्यांत टॅब्लेटचा वापर वाढण्याचे कारण सरळ आहे. तपासणीचे तक्ते, सुट्या भागांच्या नोंदी आणि दुरुस्तीच्या सूचना पूर्वी कागदावर असत. त्या आता जगभरातील कारखान्यांत पडद्यावर येऊ लागल्या आहेत. मात्र कारखान्यात काम करणारा हात मोकळा नसतो. त्यावर हातमोजा असतो, तेल असते, घाम असतो. साध्या टॅब्लेटचा पडदा नेमका अशा हाताला दाद देत नाही.

पडद्याला बोट कसे कळते?

आजच्या बहुतेक टॅब्लेटचे पडदे ‘कॅपॅसिटिव्ह’ म्हणजे विद्युतधारितेवर चालणारे असतात. काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या अतिशय बारीक रेषांचे आडवे-उभे जाळे असते. मानवी शरीर विजेचे वाहक असल्याने बोट काचेजवळ येताच त्या ठिकाणच्या विद्युतभारात सूक्ष्म फरक पडतो. जाळ्याच्या कोणत्या आडव्या आणि कोणत्या उभ्या रेषेवर हा फरक पडला, ते पाहून टॅब्लेट बोटाची जागा निश्चित करतो.

जाड हातमोज्यामुळे त्वचा आणि काच यांच्यात अंतर राहते, आणि हा फरक जाणवण्याइतका उरत नाही. पाण्याच्या थेंबांमुळे उलट घडते; बोट नसतानाही पडद्याला बोटाचा भास होतो. काही टॅब्लेटमध्ये हातमोज्यासाठी पडद्याची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते, तर काही हातमोज्यांच्या टोकांना वाहक धागा विणलेला असतो. पण या दोन्ही सोयी सर्वत्र आढळत नाहीत.

जुन्या पद्धतीच्या ‘रेझिस्टिव्ह’ पडद्यांना ही अडचण नव्हती. त्यांत दोन पातळ थर दाबाने एकमेकांना टेकत, त्यामुळे नख, पेनाचे टोपण किंवा हातमोजा यांपैकी काहीही चालत असे. भारतात ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते सादर झालेल्या ‘आकाश’ या स्वस्त टॅब्लेटला असाच पडदा होता. हलक्या स्पर्शाला तो चटकन प्रतिसाद देत नसल्याची टीका त्यावर झाली. त्याच टॅब्लेटला दोन यूएसबी जागा दिलेल्या होत्या, ही गोष्ट त्या वेळी फारशी चर्चेत आली नाही.

बोट जागा सांगते, माऊस चाल सांगतो

माऊस आणि बोट यांच्या कामाच्या पद्धतीतच मूलभूत भेद आहे. बोट पडद्यावर टेकले की टॅब्लेटला थेट जागा कळते : वरून इतके, डावीकडून इतके. माऊसला मात्र आपण कोठे आहोत याची काहीच कल्पना नसते. तो फक्त आपली चाल कळवतो : उजवीकडे इतका सरकलो, खाली इतका सरकलो, डावे बटण दाबलेले आहे किंवा नाही. यूएसबी माऊसच्या सर्वांत साध्या संदेशात केवळ ३ बाइट असतात. एक बटणांसाठी, एक आडव्या सरकण्यासाठी आणि एक उभ्या सरकण्यासाठी.

पडद्यावरचा बाण येतो तो या फरकामुळेच. माऊस जागा सांगत नसल्याने ती लक्षात ठेवण्याचे काम टॅब्लेटच्या प्रणालीला करावे लागते, आणि ती जागा वापरणाऱ्याला दिसावी म्हणून बाण दाखवावा लागतो. माऊस काढून घेतला की बाणही नाहीसा होतो.

या भेदातून माऊसचे तीन गुण निघतात. पहिला गुण अचूकतेचा. बोटाचे टोक पडद्यावर साधारण एक सेंटिमीटर जागा व्यापते. बाणाचे टोक मात्र पडद्यावरील एका बिंदूवर नेमके ठेवता येते. दुसरा गुण दृष्टीचा. बोट ज्याला स्पर्श करते तेच झाकून टाकते, बाण झाकत नाही. तिसरा गुण थांबण्याचा. बाण एखाद्या चिन्हावर नुसता ठेवता येतो, दाबावे लागत नाही. अनेक संकेतस्थळांवर असा बाण ठेवल्यानंतरच माहितीची चौकट उघडते. साध्या बोटाला ही मधली अवस्था नाही. ते एकतर पडद्यावर असते किंवा नसते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम येथे लागू पडतो. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात नेण्यास लागणारा वेळ लक्ष्याचे अंतर आणि त्याचा आकार या दोहोंवर अवलंबून असतो. लक्ष्य जितके दूर आणि लहान, तितका वेळ अधिक. अँड्रॉइडच्या रचनानियमांत बोटाने दाबायच्या बटणाचा किमान आकार सुमारे ९ मिलिमीटर असावा, अशी शिफारस आहे ती यासाठीच. संगणकासाठी तयार झालेले तक्ते, अर्ज आणि संकेतस्थळे मात्र बाण डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असतात. तीच टॅब्लेटच्या लहान पडद्यावर उघडली की त्यांतील बटणे बोटाखाली हरवतात.

साठ वर्षांचा प्रवास

माऊस आणि टचस्क्रीन ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माऊस तयार केला. तो लाकडी होता आणि त्याच्या तळाशी एकमेकींना काटकोनात बसवलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. दरम्यान, ब्रिटनमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना १९६५ मध्ये मांडली होती. विमान वाहतूक नियंत्रण हा तिचा उद्देश होता.

घरगुती आणि कार्यालयीन संगणकांवर पुढे माऊसचे राज्य आले. १९८३ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने स्पर्शाने चालणारा ‘एचपी-१५०’ हा संगणक आणला, पण उभ्या पडद्याकडे वारंवार हात उचलून धरल्याने दंड भरून येतात, हे अशा संगणकांच्या वापरातून ध्यानात आले. टॅब्लेट हातात किंवा मांडीवर धरला असता हा त्रास होत नाही. तोच टॅब्लेट टेबलावर स्टँडला उभा केला की चाळीस वर्षांपूर्वीचा तो अनुभव पुन्हा येतो. टॅब्लेट उभा करून तासन्‌तास काम करणाऱ्याला माऊस लागतो, त्याचे एक कारण हे आहे.

अ‍ॅपलचा आयपॅड २०१० मध्ये आला तेव्हा त्यात माऊसला स्थान नव्हते. गुगलने मात्र मे २०११ मधील अँड्रॉइड ३.१ या आवृत्तीपासून टॅब्लेटला माऊस जोडण्याची मुभा दिली. मायक्रोसॉफ्टचा ‘सरफेस’ टॅब्लेट ऑक्टोबर २०१२ मध्ये आला, तेव्हा त्यात बोट आणि माऊस दोन्ही पहिल्या दिवसापासून चालत होते. आयपॅडमध्ये माऊस शिरला तो २०१९ मध्ये, आणि तोही अपंग वापरकर्त्यांसाठी असलेल्या ‘असिस्टिव्ह टच’ या सोयीच्या दारातून. मार्च २०२० मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. सुरुवातीला तेथे बाणाऐवजी बोटाच्या ठशासारखे लहान वर्तुळ दिसे. २०२५ च्या आवृत्तीत त्या वर्तुळाची जागा बाणाने घेतली.

जोडायचा कसा?

टॅब्लेटला माऊस जोडण्याचे तीन मार्ग आहेत : तारेने, ब्लूटूथने किंवा माऊससोबत मिळणाऱ्या छोट्या यूएसबी रिसीव्हरने.

तारेच्या आणि रिसीव्हरच्या माऊससाठी बहुतेक वेळा ‘ओटीजी’ नावाचा लहानसा जोड लागतो. त्याचे एक तोंड टॅब्लेटच्या चार्जिंगच्या जागेत बसते आणि दुसऱ्यात माऊसची पिन जाते. हा जोड आकार जुळवतोच, पण त्याचे खरे काम वेगळे आहे. यूएसबीच्या व्यवहारात एक यजमान आणि दुसरा पाहुणा असतो. टॅब्लेट संगणकाला जोडला की संगणक यजमान असतो. माऊस जोडला की टॅब्लेटला स्वतः यजमान व्हावे लागते आणि माऊसला वीजही पुरवावी लागते. जुन्या मायक्रो-यूएसबी जोडात यासाठी एक जादा पिन असते, तर नव्या टाइप-सी जोडात वेगळ्या संकेतवाहिनीने भूमिका ठरते. सर्वांना एकच यूएसबी जोड चालावा यासाठी इंटेल कंपनीत १९९० च्या दशकात झालेल्या कामाचे नेतृत्व अजय भट्ट यांनी केले होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर आहेत.

माऊस जोडल्यावर त्याच्या तळाचा दिवा लागला, तर टॅब्लेट वीज पुरवत आहे हे कळते. काही माऊसचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे बाण दिसतो का, हीच अंतिम कसोटी. दिवाही नाही आणि बाणही नाही, असे झाल्यास तोच माऊस दुसऱ्या यंत्रावर चालवून पाहावा. तेथे तो चालला, तर दोष जोडात आहे किंवा त्या टॅब्लेटमध्ये ओटीजीची सोयच नाही, असे समजावे. काही टॅब्लेटमध्ये ही सोय असते, पण सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते.

ब्लूटूथ माऊसला कोणताही जोड लागत नाही. माऊसवरील जोडणीचे बटण काही सेकंद दाबून धरावे, टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ सुरू करावे आणि यादीत माऊसचे नाव आले की ते निवडावे. टॅब्लेटची चार्जिंगची जागा मोकळी राहते, हा त्याचा मोठा लाभ. तारेच्या माऊसला पेटी किंवा चार्जिंग लागत नाही आणि जोडणीची खटपटही नसते. पण टॅब्लेटला एकच जागा असल्यास चार्जिंग आणि माऊस एकाच वेळी चालत नाहीत. त्यासाठी वीज पुढे देणारा यूएसबी हब घ्यावा लागतो.

जोडणी झाल्यावर डावे बटण बोटाच्या स्पर्शाचे काम करते आणि चाक फिरवले की पान वर-खाली सरकते. उजव्या बटणाचे वर्तन प्रणालीनुसार बदलते. संगणकाच्या सवयीने ते दाबले असता अनेक अँड्रॉइड टॅब्लेटवर मागचे पान येते, त्यामुळे अर्ज भरताना सावध राहणे बरे. बाणाचा वेग आणि आकार सेटिंगमध्ये बदलता येतात. माऊस जोडला तरी बोटाचा स्पर्श बंद होत नाही. नकाशा दोन बोटांनी मोठा करावा आणि नेमके ठिकाण माऊसने निवडावे, असे दोन्ही एकत्र चालते.

मराठी मजकुराला उपयोग

लेखन आणि संपादन करणाऱ्यांना माऊसचा लाभ लगेच जाणवतो. ‘दीन’ या शब्दाचा ‘दिन’ करायचा असेल, तर कर्सर नेमका पहिल्या अक्षरानंतर ठेवावा लागतो. देवनागरीत वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे एकेका अक्षराची जागा दाटीची असते. बोट टेकवल्यावर तो शब्दच बोटाखाली झाकला जातो आणि कर्सर शेजारच्या अक्षरावर बसतो. माऊसच्या बाणाने ही दुरुस्ती एका क्लिकमध्ये होते. तक्त्यातील एका चौकटीचा कोपरा धरून सूत्र खाली ओढणे, एखादा परिच्छेद अचूक निवडणे, छायाचित्राची कड कापणे ही कामेही त्याच जातीची आहेत.

कारखान्यात मात्र माऊसला मर्यादा आहेत. त्याला सपाट जागा लागते, आणि चालत्या साखळीवर उभ्या कामगाराजवळ ती नसते. तेथे हातमोज्याला प्रतिसाद देणारा पडदा किंवा हातात धरायचा बारकोड वाचक हेच योग्य. माऊस उपयोगी पडतो तो पर्यवेक्षकाच्या टेबलावर, भांडाराच्या खिडकीत आणि दिवसअखेरीस नोंदी जुळवताना.

माऊस हीच एकमेव वाट असते तेव्हा

काही जणांसाठी मात्र पडद्याला स्पर्श करण्याचा पर्यायच नसतो. हात थरथरणे, बोटे न वळणे, पक्षाघात किंवा अवयव गमावणे यांमुळे ज्यांना पडद्याला अचूक स्पर्श करता येत नाही, त्यांच्यासाठी ट्रॅकबॉल, जॉयस्टिक, डोक्याच्या हालचालीवर चालणारी साधने उपलब्ध आहेत. यांतील बहुतेक साधने टॅब्लेटला माऊस म्हणूनच आपली ओळख देतात. त्यामुळे टॅब्लेटला माऊस कळतो म्हणजे ही साधनेही कळतात. बाण एका जागी काही क्षण स्थिर ठेवला की आपोआप क्लिक व्हावे, अशी सोय अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींच्या सुलभता सेटिंगमध्ये आहे. ज्याला बटण दाबता येत नाही, त्याला तिचा आधार मिळतो.

अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात स्पष्ट केले. एखादा सरकारी अर्ज केवळ बोट घासूनच पुढे सरकत असेल, तर तो माऊसने भरणाऱ्यासाठी बंद राहतो. याचा विचार असे अर्ज तयार करतानाच होणे आवश्यक ठरते.

दुसरा प्रसंग तुटलेल्या पडद्याचा. टॅब्लेट पडून स्पर्शाचा थर निकामी होतो, पण चित्र दिसत राहते, असे पुष्कळदा घडते. आतील छायाचित्रे, प्रमाणपत्रे आणि टिपणे अडकून पडतात. अशा वेळी अनेक अँड्रॉइड टॅब्लेटवर तारेचा माऊस जोडून कुलूप उघडता येते आणि मजकूर सुरक्षित ठिकाणी हलवता येतो. ब्लूटूथ माऊस येथे आधी जोडलेला असला तरच कामाचा, कारण नवी जोडणी करण्यासाठी पडदाच लागतो. आयपॅड आणि काही नवी यंत्रे मात्र कुलूपबंद अवस्थेत अनोळखी यूएसबी साधनाला दाद देत नाहीत. चित्रच दिसत नसेल, तर एकट्या माऊसचा उपयोग नाही. म्हणून महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत आधीच करून ठेवणे हाच खरा उपाय.

अभ्यास बोटाने, परीक्षा माऊसने

सर्वांत मोठ्या संख्येने ज्यांना हा विषय भिडतो, ते विद्यार्थी आहेत. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘महाज्योती’, ही इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या पूर्वतयारीसाठी टॅब्लेट आणि दररोज ६ जीबी डेटा देते. तामिळनाडू सरकारनेही २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात दोन वर्षांत २० लाख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना टॅब्लेट किंवा लॅपटॉप देण्याची घोषणा केली. ग्रामीण भागातील मुलांना शिकवणीपर्यंत पोहोचवण्याचे काम टॅब्लेट चोख करतो.

परीक्षेची खोली मात्र वेगळी असते. राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे आल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, जेईई मुख्य परीक्षेचे अभियांत्रिकीचे पेपर संगणकावर होतात. राज्याची एमएचटी-सीईटीही २०१९ पासून संगणकावर घेतली जाते. २०२५ ची ‘नीट’ परीक्षा कागदावर झाली, त्यामुळे वैद्यकीय प्रवेशाच्या उमेदवारांना ही अडचण आली नाही. जेईईत उमेदवारासमोर उभा पडदा आणि बाजूला माऊस असतो. ज्या प्रश्नांचे उत्तर अंकात द्यायचे, तेथेही आकडे पडद्यावरच्या आभासी कळफलकावर माऊसनेच टिपावे लागतात.

एमएचटी-सीईटीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या गटात १८० मिनिटांत १५० प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नाला पर्याय निवडणे आणि उत्तर जतन करून पुढे जाणे, असे किमान दोन क्लिक धरले, तरी ३०० क्लिक होतात. माऊसची सवय नसल्याने प्रत्येक क्लिकला केवळ एक सेकंद अधिक लागला, तर ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे जातात. प्रति प्रश्न सरासरी १ मिनिट १२ सेकंद मिळणाऱ्या परीक्षेत ही ५ मिनिटे चार प्रश्नांइतकी आहेत. घरी संगणक असलेल्या विद्यार्थ्याला हा भुर्दंड पडत नाही. टॅब्लेटवर शिकलेल्याला तो पडू शकतो, आणि त्याचा विषयाच्या ज्ञानाशी काहीही संबंध नसतो.

यावरचा उपाय महागडा नाही. काही शे रुपयांचा साधा माऊस आणि त्याहून कमी किमतीचा ओटीजी जोड घेतला की हाती असलेला टॅब्लेटच सरावाचा संगणक होतो. परीक्षा संस्थांच्या संकेतस्थळांवर सराव परीक्षा विनामूल्य उपलब्ध असतात. त्या सोडवताना ब्राउझरच्या यादीतून ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय निवडावा, म्हणजे मांडणी संगणकासारखी दिसते. टॅब्लेट टेबलावर उभा ठेवावा, बोट पडद्याला लावू नये, आकडेही माऊसनेच भरावेत आणि घड्याळ लावून पूर्ण वेळेची परीक्षा द्यावी. परीक्षेच्या आदल्या रात्री हे करून भागत नाही; हाताला वळण लागण्यासाठी काही आठवड्यांचा नियमित सराव हवा.

घेताना काय पाहावे?

सरावासाठी तारेचा माऊस पुरेसा आहे. रोजच्या कामासाठी, विशेषतः टॅब्लेट चार्जिंगला लावून काम करणाऱ्यांसाठी, ब्लूटूथ माऊस सोयीचा. खोक्यावर ‘वायरलेस’ लिहिलेले असले म्हणजे तो ब्लूटूथच असेल असे नाही. रिसीव्हरवर चालणाऱ्या माऊसवरही तोच शब्द असतो. टॅब्लेटची जागा मायक्रो-यूएसबी आहे की टाइप-सी, हे पाहूनच जोड घ्यावा आणि शक्य असल्यास दुकानातच जोडून बाण दिसतो का ते तपासावे. माऊस पृष्ठभागाची बारीक चित्रे सतत टिपून आपली चाल ओळखतो. त्यामुळे काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर साधा माऊस अडखळतो. खाली वही किंवा पुठ्ठा ठेवला की तो सुरळीत चालतो.

चित्र काढायचे किंवा हाताने टिपणे घ्यायची असतील, तर माऊसपेक्षा पडद्यावर लिहिण्याचे पेन चांगले. वाचन आणि व्हिडिओ पाहणे यांसाठी बोटाला तोड नाही. माऊसचे क्षेत्र या दोहोंमधले आहे : जेथे लक्ष्य लहान, मजकूर दाट आणि काम लांबलचक असते, तेथे तो लागतो.

विद्यार्थ्यांसाठी टॅब्लेटची योजना आखणाऱ्या यंत्रणांसमोरही हा हिशेब आहे. टॅब्लेटच्या किमतीच्या तुलनेत माऊस आणि जोड यांचा खर्च अल्प असतो. टॅब्लेटच्या खोक्यात या दोन वस्तू ठेवल्या आणि प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात माऊसने द्यायच्या काही सराव परीक्षा घातल्या, तर विद्यार्थ्याला शिकवण्याचे साधन आणि त्याची परीक्षा घेण्याचे साधन यांतील अंतर त्याला परीक्षेच्या खोलीत एकट्याने कापावे लागणार नाही.